परळच्या बुद्धिबळ मंडळात दीड वर्ष

लालबाग-परळ भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर शनिवारी आणि रविवारी भरणाऱ्या बुद्धिबळ मंडळात माझी मुलगी दीड वर्षापासून जाते आहे, आणि गेले आठ महिने रविवारच्या प्रौढ गटात मीही बसते. मंडळाचे नाव येथे देत नाही. काही उणिवा स्पष्टपणे लिहायच्या आहेत आणि मंडळ चालवणारी माणसे नोकरीधंदा सांभाळून, मानधन न घेता हे काम करतात. त्यांच्या नावाने समाजमाध्यमांवर वाद रंगावा अशी माझी इच्छा नाही. मुलांना बुद्धिबळाला घालू पाहणाऱ्या पालकांना मंडळ कसे पारखावे याचा अंदाज यावा, एवढ्यासाठी हा अभिप्राय.

जिना चढून वर गेले की समोरच कामगिरीचा फलक लागतो. त्यावर चषक उंचावलेल्या मुलांची छायाचित्रे, खाली मानांकनाचे, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारे आकडे, आणि बाजूच्या काचेच्या कपाटात दाटीवाटीने ठेवलेले चषक. प्रवेश घेताना मीही इतर पालकांप्रमाणे हा फलकच आधी वाचला आणि भारावून गेले. एका मुलाच्या नावापुढे ‘1215 वरून 1529, एका महिन्यात 314 गुणांची झेप’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. ही झेप काय होती ते पुढे काही महिन्यांनी कळले. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने 1 मार्च 2024 पासून मानांकनाची किमान मर्यादा 1000 वरून 1400 वर नेली आणि 2000 च्या खालच्या सर्व खेळाडूंच्या क्लासिकल (जास्त वेळाच्या डावांच्या) मानांकनात एकदाच भर घातली. खेळाडूचे मानांकन 2000 पेक्षा जितके कमी, त्या फरकाच्या 40 टक्के गुण त्याला मिळाले. 1215 आणि 2000 यांतला फरक 785. त्याचे 40 टक्के बरोबर 314. म्हणजे त्या महिन्यात मुलगा एकही डाव खेळला नसता तरी त्याचे मानांकन 1529 च झाले असते. मी हे हिशेबासकट मंडळाच्या चिटणीसांना दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि ‘खरं आहे, काढून टाकू’ असे सांगितले. त्याला आता पाच महिने झाले; आकडा अजून जागच्या जागी आहे.

फलकावरचे बाकीचे तपशील मात्र खरे आणि दखल घ्यावेत असे आहेत. मुंबई जिल्ह्याच्या वयोगट निवड स्पर्धांतून दोन मुले राज्य स्पर्धेपर्यंत पोचली, आणि गेल्या वर्षभरात तिघांना पहिले फिडे मानांकन मिळाले. पालकांना हे शेवटचे किरकोळ वाटते, म्हणून थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. पहिले मानांकन मिळण्यासाठी मानांकित खेळाडूंविरुद्ध किमान पाच डाव खेळावे लागतात, त्यांत निदान अर्धा गुण मिळवावा लागतो, आणि त्या कामगिरीवरून निघणारे मानांकन 1400 च्या खाली गेले तर यादीत नाव येतच नाही. मोठ्या वयाच्या, मुरलेल्या खेळाडूंशी खेळून दहा-बारा वर्षांच्या मुलाने हे साधणे सोपे नाही. उलट, फलकावर ज्यांना सर्वांत मोठी जागा दिली आहे ते शाळा-शाळांमधल्या एकदिवसीय स्पर्धांचे चषक तुलनेने स्वस्तात येतात. काही स्पर्धांत तर प्रवेश शुल्क भरलेल्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात पदक पडते. आमच्या घरी अशी चार आहेत.

तरीही मी या मंडळाची शिफारस करते, आणि तिचे कारण फलकावर कुठेही लिहिलेले नाही. येथे हरलेला डाव वाया जात नाही.

प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी एक वही आणि पेन्सिल मिळते. शनिवारच्या वर्गात पहिला तास खेळायचे, तेही दोघांनी प्रत्येक चाल वहीत टिपून. दुसऱ्या तासात त्याच दोघांनी वही उघडून तोच डाव पटावर पुन्हा मांडायचा. हरलेल्याने आधी बोलायचे. कुठली चाल चुकली असे त्याला वाटते, त्या वेळी मनात काय होते, समोरच्याची कोणती धमकी दिसली नाही, हे सगळे त्याने सांगायचे आणि जिंकलेल्याने तोवर गप्प बसायचे. प्रशिक्षक मधून मधून फिरत असतात आणि गरज पडली तरच एखादे मोहरे हलवतात. लहान मुलांना सुरुवातीला हा जाच वाटतो. माझी मुलगी पहिले दोन महिने दर शनिवारी घरी आल्यावर ‘मला फक्त खेळायचंय, लिहायचं नाही’ असे म्हणत असे.

तिचे मत बदलले तो दिवस मला स्पष्ट आठवतो, कारण पाऊस थांबेना म्हणून मी वर्गातच मागच्या बाकावर बसले होते. पटावर दोन राजे आणि तिचे एक पांढरे प्यादे एवढेच उरले होते. प्यादे पुढे, त्याच्या मागून राजा, असे करत ती सातव्या रांगेपर्यंत पोचली, आणि काळ्या राजाला हलायला एकही घर उरले नाही. शह नाही, चालही नाही, म्हणजे स्टेलमेट. डाव बरोबरीत सुटला. तिच्या डोळ्यांत पाणी होते. सरांनी तिची वही घेतली, पाने मागे उलटली आणि पटावर एक स्थिती मांडली (घराच्या नावातले अक्षर उभ्या ओळीचे, आकडा आडव्या रांगेचा): पांढरा राजा ई-5 वर, काळा राजा ई-7 वर, चाल पांढऱ्याची, आणि प्यादे तिने खेळले तसे ई-4 वर. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एकच घर. आता पांढऱ्या राजाने ज्या बाजूला पाऊल टाकावे, त्या बाजूला काळा राजा पुन्हा समोर येऊन उभा राहतो. मग त्यांनी तेच प्यादे उचलून एक घर मागे, ई-3 वर ठेवले.

‘आता खेळ,’ ते म्हणाले.

तिने प्यादे ई-4 वर सरकवले. पट तोच, राजे तिथेच, पण आता चाल काळ्यावर आली होती. त्याला बाजूला व्हावेच लागले, आणि तो ज्या बाजूला गेला त्याच्या विरुद्ध बाजूने पांढरा राजा आत शिरला.

‘तुझ्याकडे ही एक चाल शिल्लक होती. ती कुठे खर्च केलीस ते वहीत शोध.’

तिला ती सापडली. राजा ई-5 वर पोचण्याच्या दोन चाली आधी तिने घाईघाईने प्यादे पुढे ढकलले होते. सरांनी त्या चालीभोवती पेन्सिलीने गोल काढायला सांगितले आणि ते पुढच्या पटाकडे गेले. वही नसती तर मुलीच्या लेखी तो डाव ‘जिंकत आले होते पण बरोबरी झाली’ एवढाच राहिला असता. त्या रात्री तिने जेवणाच्या ताटाशेजारी पट मांडून मला ई-3 आणि ई-4 मधला फरक तीनदा समजावून सांगितला, आणि पुढच्या महिन्यात मी स्वतः नाव नोंदवले, त्याचे मूळ तेथे आहे.

ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या बाबतीत मंडळाचे धोरण काही पालकांना पटत नाही. मुलांना पहिल्या वर्षात पाठ करायच्या चालींच्या लांबलचक मालिका दिल्या जात नाहीत. मधली घरे धरा, घोडे आणि उंट बाहेर काढा, लवकर किल्लेकोट करा (राजाला हत्तीच्या आड सुरक्षित न्या), वजीर इतक्यात फिरवू नका, एवढ्यावर भागवले जाते आणि उरलेला वेळ शेवटच्या टप्प्याला दिला जातो. इतर ठिकाणी शिकणारी मुले पहिल्या दहा चाली धडाधड खेळतात तेव्हा आपली मुले मागे पडल्यासारखी वाटतात, हे खरे आहे. मलाही तसे वाटले होते. अकराव्या चालीनंतर काय होते हे पाहिल्यावर माझी तक्रार उरली नाही. पण दहा-बारा वर्षांपुढच्या, मानांकन मिळवलेल्या मुलांना येथे ओपनिंगची पुरेशी तयारी मिळत नाही, हेही नोंदवायला हवे. त्या तिघांपैकी दोघे आता ऑनलाइन खासगी शिकवणी घेतात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अंतर्गत स्पर्धा होते. स्विस लीग पद्धतीच्या पाच फेऱ्या, प्रत्येकाला 15 मिनिटे आणि दर चालीला 10 सेकंदांची भर. या पद्धतीत कोणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीत शक्यतो समान गुण असलेल्यांची गाठ घातली जाते, त्यामुळे पहिले दोन डाव हरलेल्या मुलालाही पुढचे तीन डाव आपल्या तोडीच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळायला मिळतात. समान गुण झाल्यास बुकोल्झ मोजतात, म्हणजे आपण ज्यांच्याशी खेळलो त्यांच्या गुणांची बेरीज. या एका शब्दावरून दर महिन्याला किमान एक पालक चिटणिसांशी हुज्जत घालतो. ‘माझ्या मुलाचेही चार आणि त्याचेही चार, मग हा दुसरा कसा?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की फेऱ्यांच्या कागदाशेजारी बुकोल्झचे स्पष्टीकरण मोठ्या अक्षरांत चिकटवावे, अशी लेखी सूचना मी केली. ती अमलात आली. स्पर्धा साडेनऊला सुरू होते असे सांगतात. प्रत्यक्षात पहिली चाल दहा वाजून गेल्यावरच होते.

नियमांची शिस्त येथे चांगली लावतात, आणि तिचा उपयोग बाहेर होतो. गेल्या वर्षी एका बाहेरच्या स्पर्धेत मुलीच्या प्रतिस्पर्ध्याने हत्ती उचलला, परत ठेवला आणि उंटाची चाल केली. हात लावलेले मोहरे खेळलेच पाहिजे हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, पण तक्रार करण्यापूर्वी आपण खेळण्यासाठी स्वतःच्या मोहऱ्याला हात लावला तर तक्रारीचा हक्क संपतो, हे फार थोड्या मुलांना माहीत असते. तिने हात मांडीवर ठेवले, घड्याळ थांबवले आणि पंचांना बोलावले. तिचे म्हणणे मान्य झाले. डाव ती पुढे हरलीच, पण गाडीत बसल्यावर तिने आधी हरल्याची नव्हे, घड्याळ थांबवल्याची गोष्ट सांगितली. मंडळात महिन्यातून एकदा फक्त अशा प्रसंगांचा सराव घेतात: नियमबाह्य चाल झाली तर काय करायचे, बरोबरीचा प्रस्ताव केव्हा मांडायचा, झेंडा पडला, म्हणजे घड्याळातला वेळ संपला, तर कोणी सांगायचे. रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावांत, दुसऱ्या नियमबाह्य चालीला डाव जातो, हे आमच्या मुलांना चषकाच्या उंचीइतकेच पाठ आहे.

प्रौढ गटाविषयी थोडक्यात. रविवारी सकाळी पंधरा-वीस जण येतात. बँकेतले, पालिकेतले, निवृत्त झालेले, आणि एक रिक्षाचालक जे आमच्यातले बहुधा सर्वांत चांगले खेळाडू आहेत. सत्तरी ओलांडलेले नाना अजूनही कधी कधी देशी नियमांनी एक डाव मांडायचा आग्रह धरतात. त्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते, किल्लेकोट नसतो, आणि राजाला शह बसण्यापूर्वी एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. मुले अवतीभोवती जमून हे पाहतात. प्याद्याने मात दिली की नाना टाळी देतात, कारण त्यांच्या लेखी वजिराची मात कोणीही देतो. प्रौढांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण मात्र नाही. आम्ही आमचे डाव आपापसांतच तपासतो आणि अनेकदा दोघांचीही चूक दोघांनाही दिसत नाही.

मुलींच्या संख्येबद्दल मला जास्त अपेक्षा होती. महिला बुद्धिबळात मुंबईचा वारसा लहान नाही. राष्ट्रीय महिला अजिंक्यपद स्पर्धेची सुरुवात 1974 मध्ये झाली तेव्हा पहिले विजेतेपद मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी मिळवले, आणि पुढची जवळजवळ दहा वर्षे ते पद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींभोवती फिरत राहिले. रोहिणी खाडिलकर 1976 मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा एवढा गदारोळ झाला की महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूवे यांना द्यावा लागला. मंडळाच्या भिंतीवर विश्वनाथन आनंद आहेत, मुंबईचे ग्रँडमास्टर प्रवीण ठिपसे आहेत, 2024 मध्ये जगज्जेता झालेला गुकेश आहे. खाडिलकर भगिनींचे छायाचित्र नाही. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली, त्यानंतरच्या दोन महिन्यांत आमच्या गटात चार नव्या मुली आल्या. त्यांतल्या दोघी टिकल्या. न टिकण्याचे एक कारण अगदी साधे आहे: पहिल्या मजल्यावरचे स्वच्छतागृह दर आठवड्याला कुलूपबंद असते आणि किल्ली तळमजल्यावरच्या शिपायाकडे असते, जो शनिवारी चारनंतर सापडत नाही. एखाद्या मुलीला याविषयी पुरुष प्रशिक्षकांशी बोलावे लागू नये. मी तीन वेळा सांगितले आहे. प्रत्येक वेळी ‘वाचनालयाशी बोलतो’ हे उत्तर मिळाले.

जागेचा दुसरा दोष म्हणजे आवाज. लाकडी पार्टिशनच्या पलीकडे कॅरम चालतो, आणि या भागात कॅरम म्हणजे गंभीर बाब आहे. राणी गेली की होणारा आरडाओरडा डावाच्या ऐन वेळी कानांवर आदळतो. शिवाय सामायिक टेबले वापरली जात असल्याने बोरिक पावडर पटांवर येते आणि मोहरी अक्षरशः घसरतात. साहित्य त्या मानाने बरे आहे: राजा साडेनऊ सेंटिमीटरचा, घरे पुरेशी मोठी, म्हणजे स्पर्धेत हाताला वेगळे काही लागत नाही. गुंडाळायच्या पटांचे कोपरे पावसाळ्यात वर वळतात, तेव्हा त्यांवर वाचनालयातले जाडजूड कोश ठेवतात. डिजिटल घड्याळे मात्र आठच आहेत. उरलेली चावीची जुनी घड्याळे दर चालीला सेकंदांची भर देऊ शकत नाहीत, त्यामुळे स्पर्धेत खालच्या पटांवरची मुले सरळ 20 मिनिटांवर खेळतात. म्हणजे ज्यांना विचार करायला वेळ हवा, त्यांनाच शेवटी तो कमी पडतो. चषकांवरचा खर्च एक वर्ष थांबवला तरी सगळ्या पटांना घड्याळे मिळतील, असे मी वार्षिक सभेत मांडले. त्यावर टाळ्या पडल्या आणि पुढच्या महिन्यात नवे चषक आले.

मासिक वर्गणी 600 रुपये आहे, प्रौढांना 300, आणि अंतर्गत स्पर्धेचे वेगळे पैसे नाहीत. मुंबईत आठवड्याला दोन वर्ग या दरात मिळणे दुर्मीळ आहे. ज्यांना हेही जड जाते त्यांच्याकडून वर्गणी मागितली जात नाही, आणि ती कोण देत नाही हे इतरांना कळू दिले जात नाही. चिटणिसांच्या टापटिपीबद्दल माझ्या कितीही तक्रारी असल्या तरी याबद्दल त्यांना मानलेच पाहिजे. पावतीसाठी मात्र दोन-तीनदा आठवण करावी लागते. मानांकन स्पर्धांसाठी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे करायची नोंदणी, प्रवेश शुल्क आणि प्रवास हे सगळे पालकांनी पाहायचे असते. मंडळ अर्ज भरायला मदत करते, पैसे देत नाही.

येण्यासाठी करी रोड स्थानक जवळ आहे, पण तेथे फक्त धीम्या गाड्या थांबतात. जुलैत हिंदमाता भागात पाणी भरले की वर्ग आयत्या वेळी रद्द होतो आणि निरोप येईपर्यंत तुम्ही निम्म्या वाटेवर असता. गणेशोत्सवात वर्ग बंदच असतात, कारण त्या दिवसांत लालबागच्या रस्त्यावरून दहा वर्षांच्या मुलाचा हात धरून वाचनालयापर्यंत पोचणे शक्य नसते. नवे प्रवेश अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या शनिवारी चार वाजता घेतात. मंडळाकडून मिळणारी वही चाळीस पानांची असते आणि दोन-अडीच महिन्यांत भरते. जाताना दोनशे पानी वही घेऊन गेलात तर बरे, आणि खोडरबर घरीच ठेवा, कारण चुकलेली चाल खोडायला तेथे परवानगी नाही.